खसखस की अफू? रब्बीत लागवडीपूर्वी कायदा समजून घ्या

खसखस आपल्या स्वयंपाकघरात अनारशापासून वाटणाच्या मसाल्यापर्यंत सगळीकडे लागते. किराणा दुकानात ती महागड्या जिन्नसांत मोडते. त्यामुळे रब्बी जवळ आली की काही शेतकरी विचारतात, "आपल्याकडे थंडी चांगली पडते, पाटपाणी आहे, मग खसखस का लावू नये?" राहाता तालुक्यात गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांखाली गहू, हरभरा, कांदा, लसूण घेणाऱ्या शेतकऱ्यालाही हा प्रश्न पडू शकतो.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. अफूची लागवड महाराष्ट्रात कोणालाही, कितीही कमी क्षेत्रावर, करता येत नाही. ती केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हा कायदा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसा येतो आणि जमीनमालक, वाटेकरी, सरपंच व कृषी कर्मचारी यांच्यावर कोणती जबाबदारी टाकतो, हे या लेखात पाहू.

झाड एकच, नावे दोन

अफूच्या झाडाचे शास्त्रीय नाव पापाव्हर सॉम्निफेरम. याच्या हिरव्या बोंडातून निघणारा चीक वाळला की त्याला अफू म्हणतात. तेच बोंड पक्व होऊन वाळले की आत जे बारीक बी असते ती खसखस. खसखशीची वेगळी जात आणि अफूची वेगळी जात, असा भेद कायदा मानत नाही. "मी अफू काढली नाही, फक्त खसखशीसाठी लावले" हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

चिकात मॉर्फिन, कोडीन, थिबेन हे घटक असतात. मॉर्फिन कर्करोगाच्या वेदना शमवते, कोडीन खोकल्यावर चालते. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉईन बनते. हे पदार्थ मेंदूतील ठरावीक केंद्रांवर काम करतात. वेदना थांबते, पण शरीराला सवय लागते आणि पूर्वीच्या मात्रेने भागेनासे होते. मात्रा वाढली की श्वास मंदावून माणूस दगावतो. औषध आणि विष एकाच बोंडात असल्यामुळे सरकारने हे पीक पूर्ण बंद न करता कडक नियंत्रणाखाली ठेवले आहे.

कायदा केंद्राचा की राज्याचा?

अमेरिकेसारख्या देशात एखादा नशेचा पदार्थ एका राज्यात बंदी असलेला, तर शेजारच्या राज्यात खुला असू शकतो. आग्नेय आशियातील क्रॅटम या झाडाच्या पानांचे उदाहरण घ्या. त्यांचा परिणाम अफूसारखा होतो. अलाबामा, आर्कान्सा अशा राज्यांनी स्वतःचे कायदे करून त्यांना बंदीच्या यादीत टाकले, इतर अनेक राज्यांत ती मिळत राहिली.

भारतात मुख्य यादी एकच आणि ती संपूर्ण देशासाठी आहे. ब्रिटिश काळातील 1857 व 1878 चे अफू कायदे आणि 1930 चा धोकादायक औषधी कायदा बाजूला सारून संसदेने अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 मंजूर केला. तो 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू आहे. बोलताना आपण त्याला 'एनडीपीएस कायदा' म्हणतो. एखादा नवा पदार्थ धोकादायक वाटला की केंद्र सरकार अधिसूचना काढून तो या कायद्याखाली आणते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक असेच एप्रिल 2018 मध्ये या यादीत आले.

राज्यांनाही काही अधिकार आहेत. अफूच्या बोंडांचा भुसा, गांजा यांबाबत नियम करण्याचे अधिकार कलम 10 राज्य सरकारला देते. मात्र अफूच्या लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम 9 प्रमाणे केवळ केंद्राकडे आहे. तहसीलदार, कृषी विभाग, ग्रामपंचायत किंवा एखादी खासगी कंपनी यांपैकी कोणीही अफू लावण्याची परवानगी देऊ शकत नाही.

परवाना कोणाला मिळतो?

दरवर्षी केंद्रीय वित्त मंत्रालयाचा महसूल विभाग अफू धोरण जाहीर करतो. अफूचे पीकवर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर असे धरले जाते. परवाने केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतो. त्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. लागवड फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील अधिसूचित भागांत होते. मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड ही त्यांतील ठळक नावे.

तिथेही शेतकऱ्याला मोकळीक नसते. परवाना नावावर, एका वर्षासाठी आणि फार थोड्या क्षेत्रासाठी मिळतो. अनेकदा तो दहा आर किंवा त्याहूनही कमी असतो. अधिकारी उभे पीक मोजतात. निघालेली सगळी अफू सरकारलाच द्यावी लागते आणि तिच्यातील मॉर्फिनचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली गेले तर पुढच्या वर्षी परवाना अडचणीत येतो. परवानाधारकाने अफू परस्पर विकली तर कलम 19 खाली किमान 10 आणि कमाल 20 वर्षांची शिक्षा आहे. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत ही अफू जाते.

महाराष्ट्र या परवाना क्षेत्रात नाही. म्हणून "परवाना काढून देतो, आधी बियाण्याचे पैसे भरा" असे सांगणारा कोणीही आला तर तो फसवतो आहे हे लगेच ओळखा.

कायदा नेमके काय म्हणतो?

- कलम 8: अफू, गांजा किंवा कोका यांच्या झाडांची लागवड करण्यास मनाई. तसेच अमली पदार्थ बनवणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाहून नेणे, साठवणे यांवर बंदी. अपवाद फक्त औषधी व शास्त्रीय कारणांसाठी मिळालेल्या परवान्याचा.
- कलम 18: अफूच्या झाडाची लागवड केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. झाडे चार गुंठ्यांत आहेत की चार एकरांत, यावर गुन्हा ठरत नाही.
- कलम 15: वाळलेली बोंडे, देठ, भुसा (बी सोडून सर्व भाग) बाळगल्यास प्रमाणानुसार शिक्षा.
- कलम 20: गांजाच्या झाडाची लागवड केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड.
- कलम 25: आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिल्यास मालकालाही तीच शिक्षा.
- कलम 48: बेकायदा उभे पीक जप्त करण्याचा आणि नष्ट करण्याचा आदेश देण्याचा अधिकार.
- कलम 54: तुम्ही कसलेल्या जमिनीत ही झाडे आढळली तर गुन्हा तुम्हीच केला असे न्यायालय गृहीत धरू शकते. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग तुमच्यावर येते.

बाळगलेल्या मालाबाबत शिक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. 2001 च्या अधिसूचनेनुसार प्रमुख पदार्थांचे प्रमाण असे:

- अफू: अल्प प्रमाण 25 ग्रॅम, व्यापारी प्रमाण 2.5 किलो
- अफूच्या बोंडांचा भुसा: अल्प 1 किलो, व्यापारी 50 किलो
- गांजा: अल्प 1 किलो, व्यापारी 20 किलो
- हेरॉईन व मॉर्फिन: अल्प 5 ग्रॅम, व्यापारी 250 ग्रॅम

अल्प प्रमाणासाठी 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणासाठी 10 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणासाठी किमान 10 आणि कमाल 20 वर्षे सक्तमजुरी आणि 1 ते 2 लाख रुपये दंड. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणे फार कठीण असते, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते (कलम 37).

इथे एक हिशोब ध्यानात घ्या. काढून, वाळवून ठेवलेली बोंडे पोत्यात भरली तर 50 किलो व्हायला फार पोती लागत नाहीत. म्हणजे खसखशीच्या आशेने केलेले छोटे पीकही काढणीनंतर शेतकऱ्याला थेट वरच्या पायरीवर नेऊन ठेवू शकते.

खसखस विकत घेणे गुन्हा आहे का?

नाही. कायद्याने केलेल्या भुश्याच्या व्याख्येतून बी वगळले आहे. दुकानातून खसखस आणणे, घरात ठेवणे, पदार्थात वापरणे यांत काहीही बेकायदा नाही. बाजारात येणारी खसखस परवानाधारक शेतकऱ्यांच्या पिकातून किंवा तुर्कस्तानसारख्या देशांतून नियमाने आयात होऊन येते. गुन्हा सुरू होतो ती जमिनीत पेरल्यावर. परसबागेत, कुंडीत किंवा "उगवते का पाहू" म्हणून पेरली, तरी ती लागवडच.

महाराष्ट्रात घडलेले

फेब्रुवारी 2012 मध्ये बीड जिल्ह्यात परळी परिसरात अफूच्या मोठ्या लागवडी उघडकीस आल्या. उभी पिके पोलिसांनी ताब्यात घेतली, शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आम्ही खसखस लावली होती, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे होते. अलीकडच्या वर्षांत पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका आणि बुलढाणा जिल्ह्यातही अशा कारवाया झाल्या आहेत. इतर पिकांच्या आड, रस्त्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी ही झाडे लावली जातात.

खसखशीच्या बचावाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2022 चा निर्णय महत्त्वाचा आहे. हिमाचल प्रदेशातील प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, जप्त मालाच्या तपासणीत मॉर्फिन आणि मेकोनिक आम्ल आढळले तर तो अफूच्या झाडाचा भुसा आहे हे सिद्ध होण्यास ते पुरेसे आहे. झाडाची नेमकी जात वेगळी सिद्ध करण्याची गरज नाही. तेव्हा "आमची जात वेगळी होती" या युक्तिवादालाही आता फारशी जागा उरलेली नाही.

शेतात ओळख कशी पटवाल?

अफूचे झाड: रब्बी पीक. उंची साधारण दोन ते चार फूट. पाने निळसर झाक असलेली हिरवी, कडा दातेरी, वरची पाने देठाविना खोडाला मिठी मारल्यासारखी. जानेवारी-फेब्रुवारीत पांढरी, गुलाबी किंवा जांभळट मोठी फुले. फुलानंतर गोल बोंड, वर मुकुटासारखी चकती. पान किंवा बोंड तोडल्यास पांढरा चीक. बोंडावर उभ्या चिरा आणि तपकिरी डाग दिसले तर चीक काढला गेला आहे असे समजावे.

पिवळा धोत्रा: आपल्या बांधांवर, पडीक रानात सर्रास दिसणारे काटेरी तण. हाही अफूच्याच कुळातला, पण फूल पिवळे, पाने काटेरी, चीक पिवळा. हा या कायद्याखाली येत नाही. मात्र त्याचे बी विषारी असते. मोहरीत मिसळले गेले तर तेलातून जलशोथाचा आजार होतो. म्हणून तो तण म्हणून काढून टाकावा.

शोभेची पॉपी: रोपवाटिकेत मिळणाऱ्या कॅलिफोर्निया पॉपीसारख्या फुलझाडांची जात वेगळी असते. पण ऑनलाइन मिळणाऱ्या 'पॉपी' नावाच्या पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल, किंवा ते पापाव्हर सॉम्निफेरम असेल, तर घेऊ नका.

अंबाडी आणि गांजा: अंबाडीचे पान लांबून गांजासारखे वाटते आणि त्यावरून विनाकारण तक्रारी होऊ शकतात. अंबाडीचे पान एकच असते, ते बोटांसारखे फाटलेले दिसते. चवीला आंबट, खोडावर बारीक काटे, फूल पिवळसर आणि मध्ये गडद लाल. गांजाच्या पानात एकाच देठावर पाच-सात-नऊ सुटी, करवतीसारख्या कडांची पाती असतात आणि शेंड्याला उग्र वास येतो. ताग हे हिरवळीचे पीकही वेगळे. त्याची पाने साधी, लांबट आणि फुले पिवळी.

जमीन खंडाने किंवा वाट्याने दिली असेल तर

राहाता, शिर्डी भागातील अनेक जमीनमालक नोकरी-व्यवसायासाठी बाहेरगावी असतात आणि शेत दुसरा माणूस कसतो. इथेच सर्वांत मोठा धोका आहे. सातबारा तुमच्या नावे, पीक दुसऱ्याचे, आणि चौकशीची पहिली नोटीस तुमच्या घरी. 'जाणूनबुजून' परवानगी दिली नव्हती हे दाखवायचे तर कागद हाताशी हवेत.

- खंडाचा किंवा वाट्याचा करार लेखी करा. कोणते पीक घ्यायचे ते त्यात लिहा. अमली पदार्थांच्या झाडांची लागवड केल्यास करार रद्द, अशी अट घाला.
- दर हंगामात ई-पीक पाहणीत पिकाची नोंद फोटोसह होते की नाही ते पाहा.
- रब्बीत निदान दोनदा, एकदा डिसेंबरअखेर आणि एकदा फेब्रुवारीत, शेतात आतपर्यंत फिरून या. उसाच्या किंवा मक्याच्या आतले पट्टेही बघा.
- वाटेकऱ्याने एकदम फार जास्त खंड देऊ केला, शेतात यायला मज्जाव केला, भोवती कापड किंवा उंच पीक लावले, तर कारण विचारा.

कळवण्याची जबाबदारी कोणाची?

कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा अफू किंवा गांजा आढळल्यास जमीनधारकाने तत्काळ पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प बसणे हा गुन्हा आहे.

कलम 47 ही जबाबदारी सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावातील सर्व अधिकाऱ्यांवर टाकते. कृषी सहायक, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पीक पाहणीला किंवा पंचनाम्याला गेलात आणि असे पीक दिसले, तर "आपले काम फक्त पंचनाम्याचे" असे म्हणून पुढे जाता येत नाही. स्वतः झाडे उपटू नका, वाद घालू नका. ठिकाण, गट नंबर, वेळ टिपून ठेवा आणि वरिष्ठांना व पोलिसांना लेखी कळवा.

खबर देणाऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही (कलम 68). दुसऱ्या बाजूने, बांधाच्या भांडणातून मुद्दाम खोटी खबर दिली तर देणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते (कलम 58).

झाड आपोआप उगवले असेल तर?

शेणखतातून, पक्ष्यांमुळे किंवा टाकलेल्या बियांतून एखादे झाड उगवू शकते. गांजाच्या काही झाडांबाबतच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. जमीन नेमकी कोणाच्या ताब्यात होती आणि झाडे त्याने लावली-जोपासली होती का, याचा पुरावा नव्हता. म्हणून सुटका होऊ शकते. पण तिथपर्यंत पोहोचायला वर्षे गेली, वकील-कोर्टाचा खर्च झाला, हेही विसरू नका. झाड दिसताच पोलीस पाटलांना व पोलिसांना कळवून त्यांच्यासमोर काढणे हाच सुरक्षित मार्ग. गुपचूप उपटून घरात किंवा गोठ्यात वाळत टाकू नका.

घरातील माणूस व्यसनात अडकला असेल तर

नियंत्रित औषधांचा प्रश्न फक्त पिकापुरता नाही. ऊसतोड, हमाली, फवारणी अशा अंगमेहनतीच्या कामांनंतर दुखणे थांबावे म्हणून कोणी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवतो, कोणी कोडीनचे खोकल्याचे औषध बाटली-बाटली पितो. या औषधांची सवय अफूसारखीच लागते. मजुराला कामावर टिकवण्यासाठी अशी गोळी देणे हे मालकाच्याही अंगाशी येऊ शकते.

कायद्याने इथे एक दार उघडे ठेवले आहे. अल्प प्रमाणातील पदार्थ किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम 64-अ खाली तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. त्यामुळे लपवण्यापेक्षा उपचार घेणे केव्हाही चांगले. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक 14446 हा विनाशुल्क आहे. अमली पदार्थांविषयी माहिती देण्यासाठी 1933 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

करार शेतीच्या नावाखाली कोणी आले तर

'औषधी वनस्पती', 'निर्यातीचे पीक', 'खात्रीची खरेदी' असे शब्द वापरून बियाणे गळ्यात मारणारे लोक हंगामाच्या तोंडावर फिरतात. काही जण औद्योगिक भांगेचा दाखला देतात. उत्तराखंडने अशा लागवडीला नियमांखाली परवानगी दिली आहे हे खरे, पण ती त्या राज्यापुरती आहे. त्या कागदावर राहात्यात पेरता येत नाही. कोणतेही अनोळखी पीक घेण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारा:

1. पिकाचे शास्त्रीय नाव काय? ते बियाण्याच्या पिशवीवर छापले आहे का?
2. विक्रेत्याकडे बियाणे विक्रीचा परवाना आहे का? पक्के बिल देणार का?
3. बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा तालुका कृषी कार्यालय या पिकाची शिफारस करते का?
4. माल घेणारा कोण आणि करार कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या सहीने?

यांपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर बियाणे घेऊ नका.

थोड्या क्षेत्रात नगदी पैसा हवा असेल तर राहात्याच्या मातीत लसूण, कांदा बीजोत्पादन, हरभरा, मेथी-कोथिंबीर, पेरूची बाग असे माहितीतले आणि बाजार असलेले पर्याय आहेत. भाव पडला तर एका हंगामाचे नुकसान होते, पुढच्या हंगामात ते भरून काढता येते. अफूच्या पिकात मात्र घरचा कर्ता माणूस तुरुंगात, जमीन कोर्टाच्या तारखांत आणि मुलांचे शिक्षण अर्धवट, अशी वेळ येते. तेव्हा खसखस दुकानातूनच आणा, आणि आपल्या वाटेकऱ्यालाही हे वेळेत सांगा.